अँटेनाच्या दिशेने किती प्रभावी शक्ती जाते, ते कसे काढावे

ट्रान्समीटरवर लिहिलेला आकडा म्हणजे हवेत गेलेली शक्ती नव्हे. खरा हिशेब ईआयआरपीचा, म्हणजे सगळीकडे सारखी शक्ती पसरवणाऱ्या काल्पनिक अँटेनाला त्या दिशेला तेवढाच जोर द्यायला जी शक्ती लागेल तिचा: ट्रान्समीटरची शक्ती डीबीएममध्ये (1 मिलीवॅटच्या तुलनेत डेसिबल) घ्या, केबल आणि कनेक्टरमधली घट वजा करा, अँटेनाचा गेन (एका दिशेला मिळणारी वाढ) डीबीआयमध्ये, म्हणजे त्याच काल्पनिक अँटेनाच्या तुलनेत, मिळवा.

समजा 100 मिलीवॅट, म्हणजे 20 डीबीएम. घट 3 डेसिबल, गेन 12 डीबीआय. उत्तर 29 डीबीएम, साधारण 0.8 वॅट. अँटेना नवी शक्ती तयार करत नाही. आहे तीच एका दिशेला एकवटते. म्हणून निशाणा चुकला की गेनही गेला.

मिलीवॅट आणि डेसिबलची थेट बेरीज करू नका. गेन डीबीडीमध्ये (साध्या डायपोल अँटेनाच्या तुलनेत) दिला असेल तर आधी 2.15 मिळवून डीबीआय करा, हे विसरण्याची चूक फार होते.

सर्वांत जास्त नुकसान केबल करते. 10 मीटर पातळ आरजी-58 केबल 2.4 गिगाहर्ट्झला 8 ते 10 डेसिबल खाते, म्हणजे अँटेनापर्यंत जेमतेम दहावा-सहावा हिस्सा पोहोचतो. वर अशी केबल अँटेनाकडून परतणारी लहरही गिळते, त्यामुळे खाली ट्रान्समीटरशी लावलेला एसडब्ल्यूआर मीटर (किती शक्ती परत येते ते दाखवणारा) खराब अँटेनालाही चांगली ठरवतो. मोजमाप अँटेनाच्या टोकाशीच घ्या.

मोठी अँटेना लावल्यावर ईआयआरपी कायदेशीर मर्यादेबाहेर जात असेल, तर ट्रान्समीटरची शक्ती उतरवा. सिग्नल पकडण्यातला मोठ्या अँटेनाचा फायदा तरीही टिकतो.