मुलींच्या शिबिरात वारली: गेरू आदल्या दिवशीच लावा

७ ते १० वर्षांच्या मुलींच्या उन्हाळी शिबिरात वारली चित्रांचा दिवस ठेवणार असाल, तर पुठ्ठ्यांना गेरूचा हात आदल्या संध्याकाळीच मारून ठेवा. ओल्या गेरूवर पांढरी रेघ फुटते आणि मुली लगेच हिरमुसतात. गेरूत थोडा फेव्हिकॉल घाला, नाहीतर वाळल्यावर भुकटी हाताला लागत राहते. पांढऱ्यासाठी तांदळाची पिठी, डिंक आणि पाणी, धिरड्याच्या पिठाहून किंचित पातळ. ब्रशऐवजी टोक ठेचलेली बांबूची काडी.

छापील चित्रं भरायला देऊ नका, ती रंगवही झाली. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणूस उभा राहतो, एवढं दाखवा आणि बाजूला व्हा. तारपा नाच (तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्याभोवती फेर धरून करायचा नाच) मधल्या तारपावाल्यापासून सुरू करून बाहेर नेत जायला सांगा. उलट केलं की मध्ये जागाच उरत नाही.

हेही सांगाच: लग्नाचा चौक (लग्नघराच्या भिंतीवरचं चौकोनी चित्र) लिहिण्याचा मान वारली समाजात परंपरेने सवाशिणींचा. जिव्या सोमा मशे (पद्मश्री, २०११) यांच्यासारखे पुरुष चित्रकार नंतरचे. मुलींना हे ऐकायला भारी आवडतं.

गेरूचे डाग सहसा निघत नाहीत. बाबांचा जुना शर्ट, बटणं पाठीकडे.