कौसानीला जायचंय? मग घाई घरी ठेवून या

उत्तराखंडातल्या कौसानीला जायचं तर ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरमध्ये जा. पाऊस संपून हवा धुतल्यासारखी स्वच्छ झालेली असते. मे महिन्यात धुरकट हवेत हिमालयाची शिखरं बरेचदा दिसतच नाहीत, आणि ती बघायलाच तर आपण एवढ्या लांब जातो.

रेल्वे काठगोदामपर्यंत. पुढे अल्मोडा, सोमेश्वर करत घाटरस्ता. अख्खा दिवस त्यासाठीच ठेवा. पोट हलकं ठेवा, वळणं फार आहेत. अल्मोड्याला थांबून तिथली खव्याची बाल मिठाई मात्र घ्याच.

मी दरवेळी अनासक्ती आश्रमाजवळ राहते. गांधीजी १९२९ मध्ये इथे राहिले होते. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी शाल घेऊन अंगणात या. त्रिशूळच्या टोकावर गुलाबी रंग चढतो, नंदादेवी उजळते. साधारण नऊनंतर ढग येतात, म्हणून अंघोळ, चहा सगळं नंतर. खोली घेताना शिखरं उत्तरेला दिसतात हे लक्षात ठेवून विचारा.

दुपारी बैजनाथची गोमतीकाठची जुनी दगडी देवळं बघा. जेवायला भट्ट की चुडकाणी, म्हणजे काळ्या सोयाबीनची आमटी, आणि मंडुव्याची, म्हणजे आपल्या नाचणीची, भाकरी मागा. आणि कृपा करून मोबाइलवर गाणी लावू नका. इथली शांतता गावकऱ्यांचीही आहे.