फिरस्त्या बचावपटूची कारकीर्द एका कागदावर कशी मांडायची

मी मुलामुलींना फुटबॉलमधला बचाव शिकवते. दर हंगामात प्रत्येकाला एक काम देते: एका बचावपटूची अख्खी कारकीर्द एका कागदावर मांडून आणायची. स्ट्रायकरचं सोपं असतं, गोल मोजले की निम्मं काम झालं. बचावपटूचं तसं नाही. त्यातून तो पश्चिम आफ्रिकेतून निघून देशोदेशी खेळलेला असेल, तर क्लबांची लांबलचक यादी बघून मुलं पटकन म्हणतात, "हा कुठे टिकलाच नाही." हे वाक्य मला फार लागतं. म्हणून पहिला कागद मी स्वतः त्यांच्यासमोर भरते, आणि तो नायजेरियाचा बचावपटू तारिबो वेस्ट याचा असतो.

कागद आडवा धरा. डावीकडे हंगाम, मग क्लब, मग कायमचा करार की लोन (म्हणजे दुसऱ्या क्लबाला काही काळ उसना दिलेला), मग देशासाठी काय केलं, आणि शेवटचा रकाना सगळ्यांत रुंद ठेवा: का गेला. आधी फक्त पहिले दोन रकाने भरा. पोर्ट हारकोर्टमध्ये १९७४ साली जन्म. नायजेरियातले क्लब झाल्यावर १९९३ मध्ये फ्रान्सचा ओसेर, १९९७ मध्ये इटलीचा इंटर, मग तिथलाच एसी मिलान, इंग्लंडचा डर्बी, जर्मनीचा कायझर्सलाउटर्न, बेलग्रेडचा पार्टिझान, कतारचा अल-अरबी, इंग्लंडचा प्लिमथ, इराणचा पेकान. शाई वापरू नका, पेन्सिलच बरी. हंगामांच्या सीमा दोनदा तरी खोडाव्या लागतात.

आता देशाचा रकाना. हा वेगळ्या कागदावर लिहायची चूक बहुतेक जण करतात. तो क्लबच्या शेजारीच हवा, कारण गंमत तिथेच दिसते. १९९५-९६ ची ओळ बघा. प्रशिक्षक गी रू यांच्या ओसेरने लीग जिंकली, त्यांच्या इतिहासातलं ते एकमेव विजेतेपद. ४ मे १९९६ ला नीम या क्लबाला २-१ हरवून फ्रेंच कपही घेतला. आणि ३ ऑगस्टला नायजेरियाने अर्जेंटिनाला ३-२ हरवून ऑलिंपिक सुवर्ण मिळवलं. लीग, कप, सुवर्ण, सगळं एका उन्हाळ्याच्या आत. दोन कागदांवर लिहिलं असतं तर हे कधीच नजरेत भरलं नसतं.

याच रकान्यातून उलटी गोष्टही कळते. १९९९-२००० च्या हिवाळ्यात वेस्ट इंटर सोडून एसी मिलानला गेला. आफ्रिकन नेशन्स कप २२ जानेवारीला सुरू झाला, यजमान घाना आणि नायजेरिया. अंतिम सामना १३ फेब्रुवारीला लागोसमध्ये झाला आणि नायजेरिया कॅमेरूनकडून पेनल्टींवर हरला. म्हणजे नव्या क्लबात पाय रोवायचे पहिले आठवडेच हातचे गेले. ड्रेसिंग रूममध्ये परत आल्यावर जागा दुसऱ्याने घेतलेली असते. मिलानचे त्याचे सामने मोजकेच आहेत, हे वाचून कुणी त्याला नावं ठेवायला लागलं, की मी त्या ओळीवर बोट ठेवते आणि विचारते, "जानेवारीत हा कुठे होता?" आफ्रिकन खेळाडूंच्या कागदात हा प्रश्न दर वेळी विचारा.

लोन वेगळ्या रंगाने लिहा. नोव्हेंबर २००० मध्ये वेस्ट मिलानहून डर्बीला लोनवर गेला. मुलं विचारतात, नोव्हेंबरमध्ये बदली कशी? तेव्हा इंग्लंडमध्ये मार्चअखेरपर्यंत खेळाडू घेता यायचे, आजच्यासारख्या बदलीच्या दोनच खिडक्या, म्हणजे ठरावीक मुदती, २००२-०३ पासून आल्या. डर्बी त्या वर्षी खालच्या विभागात घसरण्याच्या भीतीत होता आणि शेवटी वाचला. "का गेला" या रकान्यात मी लिहिते: भिंत ढासळत होती, गवंडी हवा होता.

आता एक सामना निवडा आणि पूर्ण बघा. मी ६ मे १९९८ चा पॅरिसमधला युएफा कप अंतिम सामना घेते, इंटर ३, लात्सिओ ०. सगळे इंटरच्या रोनाल्डोला (ब्राझीलच्या) बघतात. तुम्ही पहिली पंधरा मिनिटं चेंडू बघूच नका. प्रशिक्षक सिमोनींचा इंटर माणूस धरून खेळायचा, मागे फ्रेसी मोकळा स्वीपर म्हणून, म्हणजे कुणालाही न धरता सगळ्यांच्या मागे राहणारा बचावपटू. चेंडू मधली रेषा ओलांडतो तेव्हा चित्र थांबवा आणि वेस्टचे पाय बघा: बोटं कुठे वळलीत, अंगाशी असलेला माणूस हाताच्या अंतरावर आहे की त्याहून लांब, मान किती वेळा मागे वळते. कॅमेरा चेंडूमागे धावतो, त्यामुळे कधी तो चित्राबाहेर असतो. तिथे "दिसत नाही" असंच लिहा, अंदाज नको. शेवटच्या टप्प्यात त्याला लाल कार्ड मिळालं. तेही लिहा. आवडत्या खेळाडूचं लाल कार्ड लपवलेला कागद मी परत देते.

पुढच्या ओळी भराभर होतात. २००३ मध्ये बेलग्रेडला पार्टिझानसोबत लीगचं विजेतेपद, मग कतार. एक मात्र सांभाळा. २००५ च्या प्लिमथनंतर २००७ च्या पेकानपर्यंत क्लबचा रकाना रिकामा राहतो. मुलं जागा वाचवायला दोन्ही ओळी जवळ आणतात. आणू नका. तेवढ्या ओळी कोऱ्या सोडा, आणि पेकाननंतर खाली लिहा: लागोस, पास्टर.