आमच्या पुराणातल्या गेममधला प्रवासाचा घोळ कसा सुटला – माझा अनुभव

जुळे सोलापुरात रविवारी संध्याकाळी आम्ही पाच जण रोलप्लेइंग गेम खेळायला बसतो, म्हणजे प्रत्येकानं एक पात्र घेऊन गोष्ट खेळायची; गोष्ट चालवणारा गेम मास्टर मी. कॅम्पेन, म्हणजे दर रविवारी पुढं सरकणारी गोष्ट, पुराणातल्या सप्तद्वीपांवरचं आहे, आणि घोळ झाला तो प्रवासात. मधलं जंबुद्वीप एक लाख योजनं रुंद (योजन म्हणजे अंतराचं जुनं माप), पुढचं प्रत्येक द्वीप आधीच्याच्या दुप्पट, आणि मी रोजचा प्रवास फासे टाकून चालवत होतो, तीन रविवार गेले तरी पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांची टोळी, खाऱ्या समुद्राच्या काठालाच. शेवटी एक जण म्हणाला, "काय बे, अजून किती चालायचं?" ते मला फार लागलं.

मग अंतर मोजणं बंदच केलं. द्वीपं वर्तुळासारखी एकात एक आहेत आणि मधे समुद्र, आधी खारा, मग उसाच्या रसाचा, मद्याचा, तुपाचा, दह्याचा, दुधाचा, शेवटी गोड्या पाण्याचा. म्हणून आता एक समुद्र म्हणजे एक सीन, एकच फासा, आणि पलीकडं जायला काहीतरी द्यावं लागतं, आठवण, शस्त्र नाहीतर दिलेला शब्द. फासा चुकला तरी पार्टी पोचतेच, फक्त किंमत वाढते, हे फार महत्त्वाचंय. शिधा मात्र दर द्वीपाला दुप्पट लागतो, त्यामुळं जग मोठं असल्याचं जाणवतं.

तुपाच्या समुद्रात वल्हं हातातून निसटत होतं तेव्हा शेंगाचटणी-भाकरी तशीच राहिली, कुणी उठलंच नाही. येत्या रविवारी दह्याचा समुद्र आहे.