हाउसिंग बेनिफिटच्या क्लेममध्ये चूक राहिली असेल तर काउन्सिलला कसं सांगायचं

मी लंडनमधल्या एका काउन्सिलच्या बेनिफिट खात्यात बरीच वर्षं काम केलं. आता निवृत्त आहे आणि आपल्या ज्येष्ठ मंडळींना फॉर्म भरायला, पत्रं लिहायला मदत करते. हे लिहिते आहे ते इंग्लंडमध्ये पेन्शनच्या वयात भाड्याच्या घरात राहणाऱ्या, हाउसिंग बेनिफिट (म्हणजे घरभाड्यासाठी काउन्सिलकडून मिळणारी मदत) घेणाऱ्या मराठी माणसांसाठी, आणि त्यांच्या मुलासुनांसाठीही. घरी आलेली पत्रं बहुतेक तेच वाचतात.

आपल्या लोकांच्या क्लेममध्ये त्याच त्या चुका सापडतात: भारतात लांबलेला मुक्काम, भारतातली ठेव किंवा जमीन, आणि घरी राहायला आलेला कमावता मुलगा. यातलं काही आपल्याकडून कळवायचं राहिलंय हे लक्षात आलं की पुढच्या पत्राची वाट बघू नका. फाइल हातात घेतली की आम्ही आधी हेच बघायचो, की ही गोष्ट कळली कशी आणि कधी. माणसाने स्वतःहून लिहिलेलं पत्र आधीचं असेल तर पुढचा सगळा पत्रव्यवहार वेगळ्या सुरात होतो. भारतातल्या बँकेतलं इथे कोणाला कळणार, या भरवशावर तर मुळीच राहू नका. २०१७ पासून भारत आणि ब्रिटन एकमेकांच्या रहिवाशांच्या खात्यांची माहिती कर खात्यांना देतात.

आधी मुक्कामाचं बघू. २८ जुलै २०१६ पासून नियम असा आहे की ग्रेट ब्रिटनबाहेर चार आठवड्यांपर्यंतच बेनिफिट चालू राहतं. जवळचं माणूस गेलं आणि लगेच परतणं शक्य नसेल तर आठ आठवडे, उपचारांसाठी गेला असाल तर सव्वीस आठवड्यांपर्यंत. आपली मंडळी थंडीत दोन-तीन महिने गावी जातात आणि समजतात की पहिले चार आठवडे तरी मिळतीलच. तसं नाही. निघतानाच चार आठवड्यांपेक्षा जास्त राहायचा बेत असेल तर निघाल्या दिवसापासून बेनिफिट बंद होतं. म्हणून परतीचं मूळ तिकीट जपून ठेवा. तीन आठवड्यांचं तिकीट होतं, पण तिथे पाय मोडला म्हणून तारीख पुढे ढकलली, हे त्या तिकिटावरून आणि दवाखान्याच्या कागदावरून सिद्ध होतं, आणि हिशेब त्याप्रमाणे बदलतो. पासपोर्टवर मुंबई विमानतळाचे जाण्यायेण्याचे शिक्के असतात. त्या पानांच्या प्रती पत्राबरोबर जोडा. तारखा आठवणीतून लिहू नका.

आता ठेव. भारतातली एफडी, पोस्टातली बचत, एलआयसीचे हातात आलेले पैसे, हे सगळं इथे भांडवलात धरतात, आणि नवराबायकोचं एकत्र धरतात. पेन्शनच्या वयाच्या माणसाला पहिले १०,००० पौंड माफ असतात. त्यावर १६,००० पर्यंत दर ५०० पौंडांना, किंवा उरलेल्या तुकड्याला, आठवड्याला एक पौंड उत्पन्न धरलं जातं. १६,००० च्या वर गेलात तर बेनिफिट नाही. मात्र पेन्शन क्रेडिटमधलं (कमी उत्पन्नाच्या पेन्शनरांना सरकार देतं त्या मदतीतलं) गॅरंटी क्रेडिट मिळत असेल तर ही मर्यादा लागत नाही.

या आकड्यांचा हिशेब मी प्रत्येकाला कागदावर मांडून दाखवते, कारण भीती आकड्यापेक्षा फार मोठी असते. समजा इथलं-तिथलं मिळून १२,३०० पौंड निघाले. वरचे २,३००, म्हणजे पाचशेचे चार पूर्ण भाग आणि एक तुकडा: आठवड्याला पाच पौंड उत्पन्न. बेनिफिट कापतात ते वाढीव उत्पन्नाच्या ६५ टक्के, म्हणजे आठवड्याला जास्तीत जास्त सव्वातीन पौंड. वर्षाचे १६९. एवढ्यासाठी माणसं रात्र-रात्र जागतात आणि मुलांपासूनही लपवतात, हे बघून मला फार वाईट वाटतं.

रुपयांचे पौंड करताना बँक जे कमिशन घेईल ते वजा करून मागा. ठेवीवर भावाचंही नाव असेल तर खातं दोघांचं धरून सहसा समान वाटे करतात; भाचा नुसता नॉमिनी असेल तर तो मालक नव्हे, रक्कम तुमचीच. आणि आता घाईघाईने एफडी मोडून पुतण्याच्या नावावर करू नका. बेनिफिटसाठी पैसे मुद्दाम हातावेगळे केले असं ठरलं तर ते तुमच्याकडेच आहेत असं धरूनच हिशेब होतो, आणि साधी चूक होती ती लबाडी दिसायला लागते.

गावच्या घराजमिनीबद्दल नियम वाटतो तितका कडक नाही, पण सांगावं लागतंच. त्या घरात तुमचा पेन्शनच्या वयाचा किंवा अपंग भाऊ-बहीण राहत असेल तर घराची किंमत धरत नाहीत. सातबाऱ्यावर आठ नावं असतील तर तुमच्या वाट्याचीच किंमत, आणि तीही आज प्रत्यक्ष विकली तर मिळेल ती. विक्रीला खर्च येणार असेल तर त्यातून दहा टक्के वजा. शेतजमीन परदेशस्थ माणसाला भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते, महाराष्ट्रात घेणारा सहसा शेतकरीच लागतो, आणि न वाटलेल्या हिश्शाला गिऱ्हाईक मिळणं मुश्कील. काउन्सिलमधल्या माणसाला यातलं काही माहीत नसतं. सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतर आणि ही परिस्थिती सांगणारा अर्धा कागद जोडला नाही, तर तो पुण्याच्या प्लॉटचा भाव इंटरनेटवर बघून आकडा घालेल.

मुलगा घरी राहायला आला असेल तर त्याच्यामुळे बेनिफिटमध्ये कपात होऊ शकते, म्हणून तो आला ती तारीख, त्याचं काम आणि पगाराच्या पावत्या द्या. तुम्हाला किंवा जोडीदाराला अटेंडन्स अलाउन्स (उतारवयात देखभाल लागणाऱ्यांना मिळणारा भत्ता) मिळत असेल तर मुलापायी ही कपात होत नाही. हे पत्रात आवर्जून लिहा.

पत्र छोटं हवं. वर नाव, पत्ता, क्लेम नंबर, नॅशनल इन्शुरन्स नंबर. मग सरळ: “मी ही माहिती स्वतःहून देत आहे. माझ्या नावावर साताऱ्याच्या बँकेत अमुक तारखेपासून मुदत ठेव आहे. ती फॉर्मवर लिहिली नव्हती. भारतातली ठेव इथे मोजतात हे मला अमुक तारखेला कळलं. बँकेचा दाखला सोबत आहे. माझा हिशेब नव्याने करावा, आणि त्या काळात मला जे बेनिफिट खरोखर देय होतं ते वजा करूनच जादा रक्कम ठरवावी.” शेवटचं वाक्य गाळू नका. तो तुमचा हक्क आहे, पण पुरावे तुम्ही द्यावे लागतात. काउन्सिल टॅक्सची सवलत घेत असाल तर त्याच पत्रात तीही लिहा. पेन्शन क्रेडिट डीडब्ल्यूपी, म्हणजे केंद्र सरकारचं काम आणि पेन्शन खातं, देतं. तिथे वेगळं कळवा, काउन्सिल कळवेल असं धरून चालू नका. फोनवर बोललात तरी पत्र पाठवाच, आणि हाताने दिलंत तर पोच घ्या.

“माहीत नव्हतं” हे खरं असेल तरच लिहा. माहीत असून लिहिलं नसेल, किंवा रक्कम मोठी असेल, तर पत्राआधी सिटिझन्स अॅडव्हाइस, एज यूके किंवा लॉ सेंटरमध्ये जाऊन बोला. तिथे सल्ला फुकट असतो.

यानंतर निर्णयाचं पत्र येतं. त्यातला आकडा तपासा. काउन्सिलची स्वतःची चूक असेल आणि ती तुमच्या लक्षात येणं शक्य नव्हतं, तर ते पैसे परत मागता येत नाहीत. ठेवीमुळे झालेलं जादा पेमेंट तेरा आठवड्यांपेक्षा जास्त काळाचं असेल, तर दर तेरा आठवड्यांनी तेवढी रक्कम तुमच्या भांडवलातून कमी झाली असं धरून पुढचा हिशेब करायचा असतो. हे घाईत राहून जातं, म्हणून विचारा. पटलं नाही तर एका महिन्याच्या आत लेखी फेरविचार किंवा अपील मागा. वसुली चालू बेनिफिटमधून दर आठवड्याला थोडी थोडी होते. बेनिफिट बंद झालं असेल तर बिल येतं, तेव्हा घरखर्चाचा तक्ता जोडून झेपेल असा हप्ता मागा.

निष्काळजीपणा ठरला तर ५० पौंडांचा दंड लागू शकतो. पत्रात “इंटरव्ह्यू अंडर कॉशन” (म्हणजे गुन्ह्याच्या संशयावरून होणारी औपचारिक चौकशी) असे शब्द असतील तर मात्र सॉलिसिटर घेतल्याशिवाय जाऊ नका, आणि इंग्रजी अडत असेल तर दुभाषा मागा. मुलाला दुभाषा म्हणून नेऊ नका, त्याच्यासमोर खरं बोलायला जड जातं. कोर्टाऐवजी ३५० ते ५,००० पौंडांचा दंड कबूल करायला सांगितलं, तर तिथल्या तिथे सही करू नका. सही झाली असेल तरी चौदा दिवसांत ती मागे घेता येते.

आणि ज्या नवराबायकोपैकी एकच जण पेन्शनच्या वयाचा आहे, दुसरा अजून त्या वयाखालचा, त्यांनी क्लेम बंद करा असं स्वतः कधीही लिहू नये. १५ मे २०१९ पासून अशा जोडप्याला सहसा नव्याने हाउसिंग बेनिफिट मिळत नाही, युनिव्हर्सल क्रेडिटकडे (मुख्यतः पेन्शनच्या वयाखालच्यांसाठी असलेल्या सरकारी मदतीकडे) जावं लागतं, आणि त्यात नुकसान मोठं असू शकतं. चूक सांगा, हिशेब नव्याने करायला सांगा, आणि क्लेम चालू ठेवायचा आहे हे पत्रात स्पष्ट लिहा.