मासा नर की मादी? पोट उघडल्यावर होणाऱ्या या चुका टाळा

रोहू उघडला की प्रात्यक्षिकाच्या टेबलावर हमखास एक उत्तर येतं: "गाभोळी (म्हणजे मादीच्या पोटातली अंडी) नाही, म्हणजे नर." ही घाई नडते. रोहू, कटला, मृगळ यांची गाभोळी भरते ती पावसाळ्यासाठी. हिवाळ्यात मादीचे अंडाशयही आक्रसून पातळ, फिकट पट्ट्यांसारखे होतात आणि नुसत्या डोळ्यांना वृषणच वाटतात. अशा वेळी बारीक तुकडा काचपट्टीवर चिरडून सूक्ष्मदर्शकाखाली धरा. मोठ्या गोल पेशी ठळक दिसल्या तर मादी. तिलापियाची पिल्लंही असाच तुकडा असिटोकार्मिन या लाल रंगाने रंगवून तपासतात.

सर्वात जास्त फसवते ती चरबी. कोंडा-पेंडीवर पोसलेल्या तळ्यातल्या माशाच्या आतड्यांभोवती पांढरट चरबीचे लांबट पट्टे साचतात आणि भलेभले त्यांना वृषण म्हणून मोकळे होतात. शंका आली तर तुकडा चिमटीत चोळा, बोटं तेलकट झाली तर चरबी. पाण्यात टाका: चरबी तरंगते, वृषण बुडतं. तरीही माझा भरवसा जागेवर जास्त. चरबी आतड्यांना बिलगलेली असते. वृषणं काय, अंडाशय काय, जोडीनं वाताशयालगत (माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीलगत) वरच्या बाजूला पातळ पडद्याने टांगलेले असतात आणि मागे निमुळते होत जननछिद्राकडे जातात. म्हणून आतडी मूठभर उपसून काढू नका, हलकेच बाजूला सारा. कात्री गुदद्वारापासून पुढे चालवा, टोक आत खुपसू नका. भरलेली गाभोळी एका टोच्यात फुटते, मग सगळीकडे दाणेच दाणे.

रंगाची नोंद मासा ताजा असतानाच करा. फॉर्मेलिनमध्ये राहिलेल्या नमुन्यात सगळंच मळकट पांढरं होतं, तिथे रंगावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

मागूर या मिशीवाल्या माशाला मात्र कार्पचे, म्हणजे रोहू-कटला-मृगळ गटाचे, नियम लावू नका. ऐन हंगामात रोहूच्या नराचं पोट दाबलं की दुधासारखा द्रव येतो. मागूरच्या नराला कितीही दाबा, तसा येत नाही. त्याला मादी किंवा वांझ ठरवून बाजूला काढणारे भेटतात. मत्स्यबीज केंद्रावर म्हणूनच नर मारून वृषण बाहेर काढतात आणि मिठाच्या सौम्य द्रावणात कुस्करून अंडी फळवायला वापरतात. मारण्याआधी खात्री हवी असेल तर गुदद्वारामागचा उंचवटा पाहा: नराचा लांबट आणि टोकदार, मादीचा गोलसर.