टार-१ वर काम सुरू करताय? आधी प्राणी कोणता ते बघा

ट्रेस अमाइन रिसेप्टरवर (शरीरात अगदी थोड्या प्रमाणात असणारी अमाइन रसायनं ओळखणारी पेशींची प्रथिनं; टार-१ हे त्यांतलंच एक) काम करायला येणाऱ्या मुलामुलींना मी सगळ्यात आधी एक सवय लावून घ्यायला सांगते. कुठल्याही संयुगाचा ईसी-५० (निम्मा परिणाम मिळायला लागणारं प्रमाण) वाचला की तो माणसाच्या रिसेप्टरवर मोजलाय, रॅटच्या की माउसच्या, ते बघायचं. ईपीपीटीबीचंच घ्या. २००९ साली आलेला टार-१ चा हा पहिला निवडक अँटॅगोनिस्ट (रिसेप्टरला अडवणारं संयुग) माउसच्या रिसेप्टरवर जोरदार चालतो, पण रॅटच्या आणि माणसाच्या रिसेप्टरवर अगदीच दुबळा पडतो. माउसच्या मेंदूच्या कापांवर जमलेला प्रयोग मानवी पेशींवर तसाच उचलून केला, तर परिणाम अडत नाही आणि 'म्हणजे यात टार-१ चा हात नाही' असा भलताच निष्कर्ष निघतो.

कुळाची ओळख थोडक्यात. हे रिसेप्टर २००१ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे शोधले. माणसात या कुळातली सहा जनुकं चालू आहेत, माउसमध्ये पंधरा, रॅटमध्ये सतरा. टार-१ सोडून बाकीचे मुख्यतः नाकातल्या गंधपेशींत असतात; मी इथे टार-१ बद्दलच बोलतेय.

टार-१ चालू झाला की पेशीत सायक्लिक एएमपी (पेशीच्या आत संदेश नेणारा रेणू) वाढतो. तेवढंच मोजायचं, म्हणून काम सोपं वाटतं. अडचण अशी की हा रिसेप्टर पेशीच्या आतच रेंगाळतो, पृष्ठभागावर फारसा येत नाही. म्हणून त्याला पृष्ठभागावर आणायला बीटा-२ ॲड्रिनर्जिक या दुसऱ्या रिसेप्टरच्या टोकाचा छोटा तुकडा त्याला जोडतात. तुमच्या प्रयोगशाळेतल्या पेशींत मूळ रूप आहे की असं जोडलेलं, हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या.

दुसरी गोष्ट सीरमची. माध्यमात घातलेल्या गोवंशीय सीरममध्ये अमाइन ऑक्सिडेज एन्झाइम असतात आणि ते तुम्ही टाकलेलं अमाइन खाऊन टाकतात. मात्रा आणि परिणामाचा आलेख उजवीकडे सरकलेला (म्हणजे तेवढ्याच परिणामाला जास्त मात्रा लागतेय असा) दिसला की संयुगाला कमजोर ठरवण्याआधी सीरमविना माध्यमात तोच प्रयोग करून बघा. जिवंत प्राण्यातही तीच गत. बीटा-फिनाइलइथाइलअमाइन या ट्रेस अमाइनला एमएओ-बी हे एन्झाइम इतक्या झपाट्याने मोडतं की मेंदूत त्याचं अर्धायुष्य एका मिनिटाच्याही आत असतं.

ॲम्फेटामाइन या उत्तेजक औषधावर काम करणाऱ्यांनी तर फारच जपून राहावं. ते टार-१ ला चालू करतं, शिवाय डोपामाइन ट्रान्सपोर्टरवर (डोपामाइन हे मेंदूतलं संदेशवाहक रसायन पेशीत परत ओढणारं प्रथिन) आणि व्हीमॅट-२ वरही (पेशीच्या आत ते पिशव्यांत भरणारं प्रथिन) काम करतं. त्यातला टार-१ चा वाटा वेगळा काढायचा तर नॉकआउट माउस (टार-१ चं जनुक काढून टाकलेले) लागतात, आणि ते ॲम्फेटामाइनला जास्तच संवेदनशील निघतात. थोडक्यात, टार-१ डोपामाइनच्या गाडीला ब्रेक लावतो. माझ्या मते या विषयातला सगळ्यात सुंदर निकाल हाच. मात्र माउसचा वाण तपासा: डीबीए/२जे या वाणात टार-१ मध्ये असं उत्परिवर्तन आहे की रिसेप्टर कामच करत नाही. त्याला नॉर्मल कंट्रोल धरलंत, तर तुलना करायला काही उरत नाही.

औषधांकडे जायचं असेल तर युलोटॅरॉन्टच्या (टार-१ ला चालू करणाऱ्या संयुगाच्या) चाचण्या मुळातून वाचा. स्किझोफ्रेनियात २०२० ची दुसऱ्या टप्प्याची चाचणी चांगली गेली, पण २०२३ मध्ये तिसऱ्या टप्प्यातल्या दोन्ही चाचण्यांना मुख्य उद्दिष्ट गाठता आलं नाही. प्लासिबो (औषध नसलेली गोळी) घेणारा गटही बराच सुधारला होता. हे संयुग ५-एचटी-१ए या सेरोटोनिनच्या रिसेप्टरवरही काम करतं, म्हणून २०२० चा चांगला निकालसुद्धा एकट्या टार-१ च्या खात्यावर जमा करू नका.